सरी, बांध, गल्ली : कोल्हापूरचं उपनगर तयार होतं तरी कसं?

हद्दवाढीची, म्हणजे आजूबाजूची गावं कोल्हापूर महापालिकेत घ्यायची, बातमी पेपरात आली की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस गुड मॉर्निंगचे फोटो बंद, नुसती भांडणं. एक म्हणतोय शहरात गेलंच पाहिजे, दुसरा म्हणतोय घरफाळा तू भरणार काय, तिसरा मधेच सोसायटीच्या मोटरचं बिल टाकतोय. गेल्या खेपेला भाच्यानं मला साधा प्रश्न विचारला, "मामा, आपण कोल्हापुरात राहतोय की नाही?" आणि मला पटकन उत्तर देता येईना. राहतोय कळंब्याच्या बाजूला. पार्सलवर कोल्हापूर लिहिलेलं असतंय, केएमटीच्या बसनं शहरात जातोय, पोरं शहरातल्या शाळेत, पण मत ग्रामपंचायतीला देतोय आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघतोय.

तर हे सगळं नेमकं काय प्रकरण आहे ते सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. मी काय वकील नाही, इंजिनियर पण नाही, घर घेताना आणि नंतर ते नियमित करताना जी पायपीट झाली त्यातनं जे शिकलो ते.

आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीसाठी खड्डा काढला तेव्हा चारेक फुटांवर काळीभोर राख लागली, आणि त्याखाली भाजून लाल-काळ्या झालेल्या विटा. जेसीबीवाल्याला वाटलं जुनी भट्टी. शेजारचे आप्पा काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "चुलवाण हाय ते. हितं गुऱ्हाळ होतं आमचं." म्हणजे जिथं आता आमची टाकी आहे तिथं काहिलीत रस उकळत होता आणि गुळाच्या ढेपा पडत होत्या. फार जुनी गोष्ट नाही ही, आप्पांच्या तरुणपणातली.

मला सांगायचंय ते एवढंच, की आपल्याकडं शेताचं उपनगर होताना क्रम उलटा असतोय. आधी माणूस राहायला येतो, मग रस्ता, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी गटार. बाकीचे सगळे घोळ, हद्दवाढीच्या भांडणासकट, ह्या उलट्या क्रमातनं निघतात.

वेस, नाका, पाणंद

आधी थोडा इतिहास, पण तारखांचा नाही, नावांचा. कोल्हापुरातली ठिकाणांची नावं नीट ऐकली तर शहराची हद्द कुठनं कुठं सरकली ते कळतंय.

सगळ्यात आतल्या बाजूला वेशी. जुन्या शहराला तट होता, खंदक होता, आत यायला वेशी होत्या. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस. तट गेला, खंदक बुजले, नाव राहिलं. गंगावेशीत आता कुणी वेस शोधत नाही.

त्याच्या बाहेर नाके. शहरात माल आणायचा तर जकात भरायला लागायची आणि ती वसूल करायला हद्दीवर नाके होते. फुलेवाडी नाका, शिरोली नाका, शाहू नाका. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला, तरी रिक्षावाला अजून "नाक्यावर सोडू काय" असंच विचारतो.

आणि त्याच्या जोडीला तिसरा थर म्हणजे पाणंद आणि मळा. पाणंद म्हणजे शेतात जायची गाडीवाट, दोन्ही अंगाला बांध, एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी रुंदी, समोरनं दुसरी आली तर एकानं मागं घ्यायची. देवकर पाणंद हे नाव आज कोल्हापुरात कुणालाही माहीत आहे, पण तिथं आज उभं राहिलं तर दिसतंय काय, तर अपार्टमेंट, मेडिकल, क्लासेस. रमणमळा म्हटलं की आज बंगले डोळ्यापुढं येतात, पण नावात मळा आहे. जिथं नावात मळा, माळ, पाणंद, वाडी आहे तिथं कधीतरी नांगर चाललेला आहे किंवा जनावरं चरलेली आहेत असं खुशाल समजा.

राजारामपुरी सरळ आणि आमची गल्ली वाकडी, असं का?

हे मला फार दिवस कळत नव्हतं. राजारामपुरीत पत्ता सांगायचा तर "आठवी गल्ली" म्हटलं की झालं, गल्ल्या मोजून माणूस पोचतोय. आमच्याकडं पत्ता म्हणजे "पाण्याच्या टाकीपासनं डावीकडं, मग पिवळ्या बंगल्याच्या मागं, तिथनं फोन करा".

फरक असा आहे की ती पेठ आधी आखली आणि मग घरं बांधली. ही संस्थानातली पद्धत. मिरजेवरनं कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, आणि शाहू महाराजांनी स्टेशनच्या बाजूला १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, गुळाच्या व्यापारासाठी. विचार बघा कसा आहे, गूळ गावागावात तयार होतोय, तो बाहेर पाठवायला रेल्वे आलीय, तर मधे बाजार पाहिजे, मग बाजाराला पेठ पाहिजे, पेठेला रस्ते पाहिजेत. पुढं लक्ष्मीपुरी, राजारामपुरी ह्याच वळणानं झाल्या. रस्ता आधी, प्लॉट नंतर, घर शेवटी. शिंप्यानं कापड आधी बेतून घ्यावं आणि मग कात्री चालवावी तसं.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर शहर वाढलं ते वेगळ्याच जोरावर. उद्यमनगरातली वर्कशॉप, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी, फौंड्र्या, १९६२ ला शिवाजी विद्यापीठ, पुणे-बेंगळुरू हायवे. आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लजकडनं पोरं कामाला, शिकायला आली, पहिली काही वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, मग लग्न झालं, मग "एखादा गुंठा बघू या की कुठंतरी". हा एखादा गुंठा शहरात परवडत नव्हता म्हणून पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा.

ह्या वेळी कापड बेतलेलं नव्हतं. जो शेतकरी ज्या साली अडचणीत आला त्यानं त्या साली आपलं शेत पाडलं, म्हणजे प्लॉट पाडले. एकाच्या शेतात उत्तर-दक्षिण गल्ल्या, शेजारच्याच्या शेतात पूर्व-पश्चिम, मधे तिसरा विकायलाच तयार नाही, त्याच्या उसाला वळसा घालून रस्ता. ही गोधडी झाली, हातात जो तुकडा आला तो जोडला. आमच्या गल्लीत तिसऱ्या घरापाशी एक असं वळण आहे की चारचाकीवाला तिथं रोज शिव्या घालतो. ते वळण कुठल्या इंजिनियरनं काढलेलं नाही. तिथं दोन भावांचा बांध होता, आणि बांधावर विहीर. विहीर आता बुजवलीय, बांधाच्या जागी कंपाउंडची भिंत आहे, वळण तेवढं राहिलंय.

(सगळीच उपनगरं शेत विकून झाली असंही नाही. गांधीनगरची गोष्ट वेगळीच. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासनं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. ते गेले आणि फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले, त्यांनी कापडाचा होलसेल बाजार उभा केला. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातोय ते ह्या इतिहासात जातोय.)

शेतकऱ्यानं काळी आई विकलीच का?

शहरातल्या लोकांचा हा लाडका प्रश्न. "बागायत जमीन विकून बुलेट घेतली" असले विनोद करायला सोपे आहेत, हिशोब करून बघा.

समजा पणजोबाची चार एकर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे १६० गुंठे. तीन पोरं, प्रत्येकी ५३ गुंठे. त्या प्रत्येकाला परत तीन, १७-१८ गुंठे. बहिणींचा हक्क वेगळाच, महाराष्ट्रात १९९४ पासनं आणि देशभर २००५ पासनं मुलींना बरोबरीचा वाटा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तर नातवाच्या हातात १७ गुंठे. ऊस एकरी ४० टन धरला, चांगलाच धरला, तर गुंठ्याला एक टन, म्हणजे १७ टन. टनाला तीन हजार धरले तर एक्कावन्न हजार, तेही बारा-चौदा महिन्यांनी, त्यातनं बी, खत, पाणीपट्टी, भांगलण सगळं जायचं. एवढ्यावर घर चालतंय काय?

आणि शेजारच्या शेतात प्लॉट पडले की ह्याच्या शेताची अडचण सुरू होते. पाटाचं पाणी यायची वाट बंद, कॉलनीचं सांडपाणी उसात, तोडीला ट्रॉली आणायला रस्ता नाही, मोटर चोरीला. एक शेत गेलं की बाजूचं दोन-चार वर्षांत जाणारच असतंय. शेतकऱ्यानं विकायचं ठरवलं असं आपण म्हणतो, पण बऱ्याच वेळा ते शेजारच्यानं आधीच ठरवलेलं असतंय.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३

आता थोडी परिभाषा, एकदाच सांगतो. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद एवढा चौकोन. सातबाऱ्यावर गुंठे नसतात, हेक्टर आणि आर असतात, पण एक आर म्हणजे साधारण एक गुंठाच, १०७६ स्क्वेअर फूट.

गुंठेवारी म्हणजे शेतजमीन रीतसर परवानगी न घेता एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकणं. हे करता येत नाही असा कायदा १९४७ पासनं आहे, त्याला बोलीत तुकडेबंदी म्हणतात. कायद्याचा हेतू चांगला होता, शेताचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की कसणं परवडणार नाही. पण शहराच्या कडेला कसायचंच कुणाला नव्हतं. मग लोकांनी वाटा काढल्या. स्टँपवर साठेखत म्हणजे विकायचा नुसता करार, कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा दुसऱ्याला दिलेला अधिकार, किंवा दहा जणांनी मिळून मोठा तुकडा घ्यायचा आणि सातबाऱ्यावर दहा नावं लावायची, हद्दी मात्र तोंडी.

गुंठेवारी स्वस्त का पडते ते समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथं आहे. रीतसर लेआउट केला, म्हणजे प्लॉटचा नकाशा मंजूर करून घेतला, तर त्यात नियमाएवढे रुंद रस्ते सोडावे लागतात, आणि जमीन ४००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर दहा टक्के मोकळी जागा, बागेला, खेळायला. एकराचे ४० गुंठे असले तरी रस्ते आणि मोकळी जागा वजा जाता विकायला समजा २६-२८ राहतात. गुंठेवारीवाला काय करतो, बारा-पंधरा फुटाचा एक बोळ सोडतो आणि छत्तीस गुंठे विकतो. ते आठ-दहा गुंठे जे जास्तीचे विकले, ती म्हणजे तुमच्या पोरांची बाग, तुमच्या ॲम्ब्युलन्सचा रस्ता, तुमच्या गटाराची जागा. प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून आपण खूश होतो, आणि हे सगळं आपल्याच पैशात विकत घेऊन त्यावर भिंत बांधतो.

अजून एक बारीक गोष्ट. ४००० चौरस मीटर म्हणजे जेमतेम एक एकर. आणि वर बघितलं तसं वाटण्या होऊन होऊन शेतं एकराच्या आत आलेली. म्हणजे अगदी कायद्यानं लेआउट केला तरी त्या तुकड्यात बाग सोडायची सक्ती लागूच होत नाही. दहा शेतकऱ्यांचे दहा तुकडे, दहाही कायदेशीर, आणि सगळ्या भागात मिळून एक मैदान नाही. आमची पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात त्याचं मूळ पणजोबाच्या वाटणीत आहे.

सरकार अधनंमधनं ह्यावर पडदा टाकतंय. २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ ला त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घेतली. २०२३ ला जिल्ह्यांसाठी बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे अशी तुकड्याची खालची मर्यादा केली, आणि २०२५ ला शहरालगतच्या छोट्या तुकड्यांना दिलासा द्यायचा निर्णय जाहीर केला. चांगलंच आहे, अडकलेली माणसं सुटतात. पण नियमित होतो तो कागद, रुंदी नाही. बारा फुटाचा बोळ नियमित झाला तरी बाराच फूट राहतो.

सातबारा आहे, नमुना ८ आहे, मग अजून काय पाहिजे?

इथं बहुतेक जण फसतात, मी पण फसलो होतो. आम्हाला ज्या माणसानं घर विकलं त्यानं ग्रामपंचायतीचा उतारा दाखवला, "नावावर झालं बघा तुमच्या" म्हणाला, आणि आम्ही पेढे वाटले. बँकेत गेल्यावर साहेबांनी तो उतारा दोन बोटांनी परत सरकवला.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरफाळा कुणाकडनं घ्यायचा त्याची यादी. लाइट बिलावर नाव असलं म्हणून घर आपलं होत नाही, तसंच हे. सातबाऱ्यात दोन भाग असतात, गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची आणि बोजा काय, आणि बारा म्हणजे त्यात पीक काय. शहरात भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड असतंय.

एनए म्हणजे बिगरशेती. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, तिच्यानुसार शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर परवानगी लागते. पूर्वी ही फाईल टेबलाटेबलावर फिरायची. आता जिथं आराखड्यात रहिवासी झोन आहे तिथं वेगळी परवानगी न मागता रूपांतर कर भरून काम होईल अशी सोय केलीय, गावठाणापासनं २०० मीटरच्या आतल्या जमिनींनाही तशी सवलत आहे. झोन म्हणजे नकाशावरचा रंग. आपल्याकडं लोक थेट "यलोत आलंय काय?" असंच विचारतात, पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती.

आणि एनए म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. एनए झालं म्हणजे जमिनीवर घर बांधायला हरकत नाही, पण कसलं घर, किती मजले, कडेनं किती जागा सोडायची, ते बांधकाम परवान्यात. जातीचा दाखला आणि शाळेचा दाखला वेगळा असतोय तेवढं हे वेगळं.

वर्ग दोनची जमीन असेल तर अजून सांभाळून. १ एप्रिल १९५७ ला कूळ कायद्यानं कसणारा मालक झाला, पण त्यातल्या कित्येक जमिनी, तशाच इनाम-वतनाच्या जमिनी, विकताना अटी असतात. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं की सही करायच्या आधी थांबा.

गटार शेवटी का येतं?

कारण गटाराला उतार लागतोय, आणि उतार माणसाच्या वाटण्या बघत नाही. लाइटचा खांब कुठंही रोवता येतोय, पाण्याची पाइप चढावर पण जाते, पंप लावला की झालं. सांडपाणी मात्र वरच्या गल्लीतनं खालच्या गल्लीत, तिथनं ओढ्यात असं सलग जायला पाहिजे. आता वरची गल्ली एकाच्या शेतातली, खालची दुसऱ्याच्या, मधे तिसऱ्याचा ऊस. तो म्हणणार माझ्यातनं गटार न्यायचं नाही, आणि त्याचं काय चुकलं?

म्हणून प्रत्येक घराला आपापली सेप्टिक टँक, ती भरली की रात्रीचं पाणी रस्त्याकडेच्या चरीत. ते वाहत वाहत जयंती नाल्याला आणि तिथनं पंचगंगेला. नदी प्रदूषणावर भाषण करताना आपण कारखान्यांकडं बोट दाखवतो, ते खोटं नाही, पण आमच्या कॉलनीचं बोट कुणी दाखवत नाही.

पाणी जुन्या वाटेनंच येतं

शेतकऱ्यानं घर कधी कुठं बांधलं होतं ते बघा. नदीकाठची काळी जमीन पिकाला, आणि राहायला गावठाण उंचावर. पूर आला तर ऊस बुडायचा, माणूस नाही. आपण काय केलं, मळ्यातच राहायला गेलो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद पडला, पेट्रोल-दूध संपलं, रमणमळा-नागाळा पार्कात बोटी फिरल्या. २०२१ ला परत तेच.

पूररेषा दोन. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही असा नियम. इथं लगेच कुणीतरी म्हणतंय, "शंभर वर्षांतनं एकदा येणारा पूर दोन वर्षांत दोनदा आला, म्हणजे रेषा खोटी." तसं नाही ते. फासे टाकताना सहा पडायची शक्यता सहात एक असते म्हणून एकदा पडलेलं सहा पुढच्या डावाला पडत नाही असं थोडंच आहे. शिवाय भराव टाकून पाण्याची जागा आपणच कमी केली तर तेवढंच पाणी जास्त उंच चढणार, बादलीत वीट टाकल्यावर चढतंय तसं.

मग हद्दवाढीचं भांडण नेमकं काय?

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, तेव्हाही आणि आजही. हद्द एक इंच सरकलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास भरली, पण त्यात पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, कळंबा नाहीत, गांधीनगर नाही. कागदावर आम्ही खेड्यात राहतो.

हद्दवाढ करायचा अधिकार राज्य सरकारचा, महापालिका अधिनियम १९४९, कलम ३. अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, महापालिकेचं मत घ्यायचं. ग्रामसभेच्या ठरावाला राजकीय वजन आहे, कायद्यानं तो नकाराधिकार नाही. तरीही पन्नास वर्षं ते जमलेलं नाही, कारण प्रत्येक वेळी गावं बंद पुकारतात, शहर उलटं आंदोलन करतं, आणि निवडणूक आली की फाईल कपाटात. मधला मार्ग म्हणून २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण केलं, म्हणजे गावं गावंच राहतील पण बांधकाम परवाने आणि नियोजन एका ठिकाणी. आमच्या ग्रुपवर त्याला एकजण सोयरीक म्हणतो, लग्न नाही नुसतीच सुपारी फुटलीय.

"घरफाळा वाढणार"

वाढणार, खोटं कशाला बोला. ग्रामपंचायतीचा आणि महापालिकेचा दर सारखा नसतो. पण एकदम पहिल्या वर्षी पूर्ण लावत नाहीत, टप्प्याटप्प्यानं वाढवतात. तरी भीती अगदीच वायफळ नाही. पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आत घेतली, आणि त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची करावरनं इतकी तापली की पुढं त्यांची वेगळी नगरपरिषद करून त्यांना बाहेर काढलं. ह्यातनं दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. फक्त टँकरला, बोअरला, मोटर जळल्यावर वायंडिंगला आपण वर्षाला किती घालतो ते पण एकदा वहीत लिहा. मी लिहिलं, आणि गप्प बसलो.

"शहरातल्यांनाच रस्ते धड नाहीत, आम्हाला काय देणार?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. खड्डे मी पण चुकवतो. काळम्मावाडी धरणाच्या पाण्याची थेट पाइपलाइन शहरात पोचायला २०२३ ची दिवाळी उजाडली, किती वर्षं वाट बघितली ते कोल्हापूरकराला सांगायला नको. पण ग्रामपंचायतीला पाचपन्नास हजार लोकांचं सांडपाणी, कचरा, आग विझवायची गाडी हे झेपणार आहे काय? ती यंत्रणा दोन-पाच हजारांच्या गावासाठी केलेली आहे. मोठ्या पंगतीला घरातली कढई पुरत नाही, मग आचारी कसला का असेना, भांडं तर मोठं लागतंय.

"शेती जाणार"

हद्दीत आलं म्हणून शेती जात नाही, कसबा बावडा कधीपासनं हद्दीत आहे आणि तिथं ऊस आहे. भीती असते ती आरक्षणाची. विकास आराखड्यात तुमच्या शेतावर बाग किंवा शाळेचं आरक्षण पडलं की विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि पैसे कधी मिळणार ठाऊक नाही. ह्यावर नगररचना कायद्यात कलम १२७ आहे, आराखड्याला दहा वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही तर मालक नोटीस देतो, ठरलेल्या मुदतीत घेतली नाही तर आरक्षण उठतं. शेतकऱ्यासाठी हा न्याय आहे, पण असं आरक्षण उठलं की बाग नकाशावरनंच जाते. दोघांचंही बरोबर असतंय, आणि मैदान तेवढं जातं.

"मग शहराच्या सोयी फुकट का वापरता?"

हा शहराकडनं येणारा टोला. केएमटी आमच्याकडं येते, पोरं शहरात शिकतात, बाजार, दवाखाना, अगदी शेवटचं पंचगंगेवर नेतात तेही शहरात. पण आम्ही शहरात कामाला येतो, खरेदी तिथंच करतो, शहराच्या दुकानाचं भाडं आमच्या खिशातनं निघतंय. दोन भावांच्या चुली वेगळ्या आणि विहीर एकच, मोटरचं बिल कुणी भरायचं ह्यावर बोलणी, असा हा मामला. मला विचाराल तर आत गेलेलं बरं, पण आधी गटाराचा नकाशा दाखवा आणि मग अधिसूचना काढा, एवढं एकदा तरी सुलट क्रमानं व्हावं.

आमच्या गल्लीच्या टोकाला अजून अकरा गुंठे ऊस आहे, आप्पांच्या पुतण्याचा. यंदा तोड आली तेव्हा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन त्या वाकड्या वळणापाशी अडकला. आप्पा गॅलरीतनं ओरडून सांगायला लागले, हितं बैलगाडी वळत होती, ट्रॉलीला काय झालंय. ड्रायव्हर म्हणाला आजोबा, तवा हितं भिंत नव्हती. मग सगळ्यांनी आपापल्या गाड्या काढल्या, केबलची वायर बांबूनं वर धरली, आणि भाचा पुढं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत ट्रॉली मागं घेत होता. पाऊण तास लागला. कंपाउंडच्या कोपऱ्याचा सिमेंटचा टवका उडालाय तो अजून तसाच आहे.